बडे बाबूंचा स्कोअर

आमच्या विभागातलं भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं मागे होतं आणि त्याची फाइल दोन बोटं जाड होती. मी नोकरीवर रुजू झाले त्या दिवशी बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, मधुकर खानझोडे त्या फाइलमध्ये अकरावी नोटशीट लिहीत होते. घड्याळ हात पोचेल इतक्या उंचीवर होतं. काढून मागचा खटका फिरवला की काम झालं असतं, आणि नवखेपणामुळे मी ते बोलूनही दाखवलं. बाबूंनी चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे जरा काळजीनेच पाहिलं.

"हात लावायचा अधिकार भांडारवाल्यांचा आहे मॅडम. मी फिरवलं आणि उद्या बंद पडलं, तर रेकॉर्डवर काय येईल? खानझोडेनं बिघडवलं."

पुढे भांडारवाल्यांनी ते घड्याळ दुरुस्तीला नेलं आणि परत आणलंच नाही. बाबूंनी त्याची वेगळी फाइल उघडली.

भोपाळच्या त्या सरकारी कार्यालयात मराठी अशी आम्ही दोघंच. माझे वडील पुण्याहून इथल्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून आले होते. बाबूंचे वडील नागपूरची राजधानी गेली तेव्हा सरकारी नोकरीबरोबर इकडे आले. "फायली मालगाडीनं आल्या आणि आमचे बाबा पॅसेंजरनं," असं ते सांगत. त्यामुळे त्यांचं मराठी घरचं नागपुरी, त्यात ऑफिसातली हिंदी कालवलेली. माझं मराठी त्यांना रेडिओवरच्या बातम्यांसारखं वाटे आणि तसं ते तोंडावर म्हणतही. चारचौघांत मी त्यांना इतरांसारखं बडे बाबू म्हणे, घरी गेले की काका. ते मला दोन्हीकडे मॅडमच म्हणत. वयाने, हुद्द्याने, नात्याने कुणी काहीही असो, बाई दिसली की मॅडम, त्यात चूक व्हायची शक्यता कमी, असा त्यांचा हिशेब होता.

अंगाने काटकुळे, बाराही महिने अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, थंडीत त्यावर एकच मरून स्वेटर. आलेलं पाकीट ते कधी फेकत नसत. उलगडून, सपाट करून, आतल्या कोऱ्या बाजूवर कच्चं काम करत. फोन आला की आधी वेळ लिहीत, मग 'हॅलो' म्हणत. घरी सगळ्या पावत्या मिठाईच्या रिकाम्या डब्यांत, वर्षावार. निर्मलाकाकू म्हणायच्या, "यांना माझ्या माहेरी जेवायला नेलं न, तर हे तिथंही पावती मागतील." बाबूंना यात विनोद दिसत नसे. तोंडी गोष्टीला किंमत नाही, हे त्यांच्या आयुष्याचं सार होतं, आणि छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना खोटं पाडणारा कुणी भेटला नव्हता.

एकदाच ते तोंडी बोलण्याला भुलले. एम. पी. नगरमध्ये एका दुकानाबाहेर टेबल मांडून बसलेल्या विक्रेत्याने त्यांना क्रेडिट कार्ड गळ्यात मारलं. आयुष्यभर एक पैसा लागणार नाही, असं तो म्हणाला. बाबूंनी त्या कार्डावर काकूंसाठी मिक्सर घेतला, त्याचे पैसे वेळेत भरले आणि कार्ड कपाटात ठेवून दिलं. पुढच्या वर्षी वार्षिक शुल्क म्हणून पाचशे रुपये आणि वर कर असं बिल आलं.

दुसऱ्या कुणी फोनवर आरडाओरडा केला असता किंवा पैसे भरून कार्ड बंद केलं असतं. बाबूंनी पत्र लिहिलं. विषय, संदर्भ, महोदय, सगळं रीतसर. बँकेच्या यंत्राने पत्राबद्दल आभार मानले आणि बिलात उशिराचा दंड चढवला. बाबूंनी त्या आभाराच्या पत्राला उत्तर दिलं. असं दोन वर्षं चाललं. पाचशेचे एकोणीस हजार झाले. मग वसुलीवाल्यांचे फोन यायला लागले. आपला फोन गेला की समोरचा घाबरतो, एवढंच त्या बिचाऱ्यांना माहीत असणार. इथे समोरचा माणूस आधी वेळ लिहून घेई, मग त्यांचं नाव, पदनाम आणि पत्र क्रमांक विचारी. एका वसुलीवाल्याने तर शेवटी "अंकल, आप ही बता दो क्या करना है" म्हणत फोन ठेवला.

अखेर बँकेनेच हात टेकले. चार हजार भरा, प्रकरण मिटवू, असं पत्र आलं. बाबूंनी चार हजार भरले, तडजोड झाल्याचं शिक्क्याचं पत्र मिळवलं आणि ते चक्क फ्रेम करून टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये बाहेरच्या खोलीत लावलं, आईवडिलांच्या फोटोशेजारी. विभागात समोसे वाटले. एकोणीसचे चार केले म्हणून सगळ्यांनी त्यांची पाठ थोपटली. मीही थोपटली. त्या पत्राचा खरा अर्थ आमच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हता, आणि समोसे चांगले होते.

आमच्या सरकारी जगात फाइल एकदा नस्तीबद्ध झाली, म्हणजे दोरी बांधून कपाटात गेली, की ती मेली. तिला पुन्हा कुणी हात लावत नाही. बँकेचंही तसंच असेल, असं बाबूंनी गृहीत धरलं. छत्तीस वर्षं कपाटात फायली घालणाऱ्या माणसालाच सुचेल अशी ही चूक होती.

पुढे चार-पाच वर्षांनी त्यांच्या मुलीला, मुक्ताला, नागपूरच्या एका कॉलेजात फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर शिक्षणाला प्रवेश मिळाला. एकुलती एक मुलगी, हुशार, बोलायला तेज. विभागात कधी आली तर बाबूंच्या टेबलावरची पाकिटं उचलून म्हणायची, "बाबा, ये कबाड़ी को दे दो, कुछ तो मिलेगा." फी साडेसहा लाखांच्या घरात होती. बाबूंचा भविष्य निर्वाह निधी त्यांच्या आईच्या लांबलेल्या आजारपणात बराच उपसून झाला होता. म्हणून शैक्षणिक कर्ज, आणि त्यावर सहअर्जदार म्हणून बाबूंची सही, असं ठरलं. सरकारी नोकरी, वेळेवर पगार, एक पैशाचं कर्ज नाही. बाबू बँकेत गेले ते सही करून जेवायला घरी येण्याच्या बेताने.

तिथे काय झालं ते त्यांनी दुसऱ्या दिवशी मला शब्दशः सांगितलं, कारण पाकिटाच्या आतल्या बाजूवर लिहून आणलं होतं. बँकेच्या अधिकारी बाईंनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. "अंकल, आपका स्कोर पाँच सौ सत्तासी है।"

"कितने में से?"

"नौ सौ।"

बाबूंनी मनात भागाकार केला. पासष्ट टक्के. फर्स्ट क्लास आला, असं त्यांना वाटलं. मग त्या बाईंनी समजावलं की हे उधारी फेडण्याचे गुण आहेत, त्यांची मोजणी शून्यापासून नव्हे, तीनशेपासून सुरू होते, आणि सातशेच्या खाली त्यांचं वरचं कार्यालय अर्जाकडे बघतही नाही. कारण काय, तर ते जुनं कार्ड. तडजोड याचा अर्थ बँकेला तिचे पूर्ण पैसे मिळाले नाहीत. तिने ते सोडून दिले, आणि सोडून दिल्याचं सगळ्या बँकांना दिसेल असं लिहून ठेवलं.

"मी जिंकलो होतो न मॅडम," बाबू मला म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाले. मला त्यांची कीव आली आणि त्याच वेळी फ्रेम आठवून हसूही आलं. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

त्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले होते. काकूंनी चहा ठेवला आणि स्वयंपाकघरातूनच विषय काढला. त्यांचा धाकटा भाऊ पुरुषोत्तम करोंदच्या मंडीत धान्याचा व्यापार करायचा. त्याचं दुकान कर्जावर, ट्रक कर्जावर, घर कर्जावर, खिशात दोन क्रेडिट कार्डं. बाबूंच्या लेखी तो गळ्यापर्यंत बुडालेला माणूस होता. पण तो प्रत्येक हप्ता तारखेच्या आत भरायचा, आणि म्हणून बँकेच्या लेखी त्याच्यासारखा सज्जन दुसरा नव्हता. घेऊन परत करणारा बँकेला ओळखता येतो. कधी काही घेतच नाही, त्याचं तिला काय माहीत?

"पुरूला विचारा न," काकू म्हणाल्या. "तो सही करून देईल. मामा आहे तिचा."

"माझ्या पोरीच्या कागदावर त्या मंडीवाल्याची सही येणार नाही," बाबू म्हणाले. "माझी येईल, नाहीतर कुणाचीच नाही."

मुक्ता दारात उभी होती. तिने ते ऐकलं आणि आत निघून गेली. मला बाबूंचा सणकून राग आला. पोरीचं वर्ष जाणार ते जाणार, आणि हे स्वतःची सही कवटाळून बसलेत. पण दुसऱ्याच्या घरचा चहा पिताना असं काही बोलता येत नाही. मी बिस्किट बुडवलं.

वर्ष गेलंच. मुक्ता टी. टी. नगरमधल्या एका दवाखान्यात तुटपुंज्या पगारावर लागली. प्रवेश सोडला, आता पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा देणं आलं. बाबूंचंही घड्याळ चालू होतं. पुढच्या सप्टेंबरात ते निवृत्त होणार होते, आणि पगाराची स्लिप हातात असेपर्यंतच त्या बँकेत त्यांच्या सहीला वजन होतं. म्हणजे वर्षाच्या आत पाचशे सत्त्याऐंशीचे सातशे करायचे, नाहीतर मुक्ताचं शिक्षण कायमचं राहिलं.

माझ्या भावाच्या धंद्यात एकदा असाच घोळ झाला होता, त्यामुळे या विषयात मला दोन अक्षरं कळत होती. तेवढ्यावर बाबूंनी मला सल्लागार नेमलं. मी म्हटलं, पहिली गोष्ट, जुन्या कार्डाचे सोडून दिलेले पंधरा हजार भरून टाका आणि नोंद बदलून घ्या.

दोन वर्षं ज्या पैशांसाठी भांडले, जे वाचवले म्हणून समोसे वाटले, तेच आता आपण होऊन, कुणी मागत नसताना नेऊन द्यायचे. चार दिवसांनी त्यांनी बँकेला लिहिलेल्या हिंदी पत्राचा मसुदा माझ्यापुढे ठेवला. विषय, संदर्भ, महोदय, सगळं रीतसर होतं. शेवटी एक ओळ होती, की मागच्या पत्रव्यवहारात माझ्याकडूनही चूक झाली. त्यांच्या हातचे शेकडो कागद मी वाचले होते. स्वतःच्या नावापुढे 'चूक' हा शब्द त्यांनी लिहिलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. पैसे भरले, दोन महिन्यांनी नोंद बदलली. फ्रेम त्यांनी स्वतःच उतरवली आणि त्या खिळ्याला काकूंनी कॅलेंडर लावलं.

दुसरी गोष्ट, नवं कार्ड. साधं कार्ड त्यांना कुणी देईना, म्हणून पंचवीस हजारांची मुदत ठेव ठेवून तिच्या तारणावर वीस हजारांच्या मर्यादेचं कार्ड घेतलं. मी म्हटलं, आता हे जपून वापरा. दोन महिन्यांनी विचारलं, किती वापरलंत?

"एक पैसा नाही," बाबू छाती काढून म्हणाले. "कपाटात ठेवलं. निर्मलाच्या पाटल्यांच्या डब्यात."

मी कपाळावर हात मारला. "अहो, वापरल्याशिवाय वेळेवर भरल्याची नोंद कुठून होणार?"

"म्हणजे उधारी केल्याशिवाय माणसाचं चारित्र्य सिद्ध होत नाही?"

"बँकेपुरतं तरी नाही."

"बाप्पा," ते म्हणाले, आणि त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी डबा अर्धाच खाल्ला.

मग एकदा वापरायचं ठरल्यावर त्यांनी ते सरकारी निष्ठेने वापरलं. घरचा फ्रिज म्हातारा झाला होता. न्यू मार्केटमधून साडेअठरा हजारांचा नवा फ्रिज कार्डावर आणला आणि सगळे पैसे मुदतीच्या पाच दिवस आधी भरले. पुढच्या महिन्यात पाहतात तर आकडा चौदाने खाली, पाचशे त्र्याहत्तर. मर्यादेच्या तोंडापर्यंत कार्ड वापरलं की हा माणूस पैशाला महाग झालाय असा बँकांचा समज होतो, तिसऱ्या हिश्श्याच्या आत राहिलेलं बरं, हे मी त्यांना सांगायलाच विसरले होते. चूक माझी होती. ओरडा खायच्या तयारीने मी त्यांच्या टेबलाशी गेले.

ते ओरडले नाहीत. पाकिटाची एक बाजू पुढे सरकवून म्हणाले, "असे अजून किती नियम आहेत? सगळे लिहून द्या. तोंडी नको."

मी लिहून दिले, आणि तिथून त्यांची गाडी रुळावर आली. विजेचं बिल, स्कूटरचं पेट्रोल, काकूंची रक्तदाबाची औषधं, एवढंच कार्डावर. महिन्याचे सहा हजार झाले की कार्ड पुन्हा पाटल्यांच्या डब्यात, मग पेट्रोल रोखीने. रोख पैसे त्या कार्डावर कधी काढायचे नाहीत. चार बँकांत नव्या कार्डांसाठी अर्ज करत सुटायचं नाही. बिल आलं की चौथ्या दिवशी पूर्ण भरायचं. पहिले दोन महिने फोनवरून भरलेल्या पैशांवर विश्वास नव्हता, म्हणून भरल्यावर शाखेत जाऊन विचारून येत. "अंतिम तारीख अंतिम संस्कारासाठी असते मॅडम," असं ते बजावत. "बिल त्याच्या आधी द्यावं."

बिलावर 'न्यूनतम देय राशी' म्हणून एक छोटा आकडा छापलेला असतो. तेवढा भरला की काम भागलं असं बरेच जण समजतात आणि उरलेल्यावर जबर व्याज चढत जातं. त्या आकड्यावर बाबूंचा विशेष राग. आमचे स्टेनो दुबेजी तीन वर्षं तेवढेच भरत आले होते, हे कळल्यावर बाबूंनी त्यांना समोर बसवून सगळी बिलं मांडायला लावली. दुबेजी घाम पुसत म्हणाले, "बड़े बाबू, बैंक ने ही तो लिखा है, इतना दे दो।" "बैंक ने तो मुझे भी बहुत कुछ लिखा था दुबेजी," बाबू म्हणाले. पुढचे आठ महिने पगाराच्या दिवशी ते दुबेजींच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहात आणि दुबेजींनी पैसे भरेपर्यंत हलत नसत. दुबेजी त्या कर्जातून सुटले. अजून बाबूंचं नाव निघालं की ते हात जोडतात, आणि थोडे दचकतातही.

घरात मात्र वर्षभर थंडी होती. मुक्ता बोलायची बंद झाली. अगदी अबोला नाही. हो बाबा, नाही बाबा, जेवले बाबा. एवढंच. संध्याकाळी दवाखान्यातून आली की पुस्तकं घेऊन आतल्या खोलीत. दर महिन्याला नवा आकडा आला की बाबू तो पाकिटाच्या तुकड्यावर लिहून फ्रिजच्या दारावर चिकटवत. सहाशे एक. सहाशे चौतीस. सहाशे बासष्ट. मुक्ता फ्रिज उघडायची, पाणी घ्यायची, बंद करायची. कधी एक शब्द नाही.

एकदा ऑफिसच्या जिन्यात बाबू मधेच थांबले. मला वाटलं दम लागला.

"ती भांडत पण नाही मॅडम," ते म्हणाले. "भांडली असती तर मी उत्तर दिलं असतं. माझ्याकडं उत्तर नाही, हे तिला समजलं आहे."

दुसऱ्याच्या पत्रातला मुद्दा न मुद्दा खोडून काढणारा हा माणूस जिन्याचा कठडा धरून उभा होता. त्यांच्यावरचा माझा राग त्या दिवशी गेला.

जूनमध्ये सहाशे एकोणनव्वद झाले. मुक्ताने परीक्षा पुन्हा दिली होती आणि प्रवेशही पुन्हा मिळवला होता. जुलैचा आकडा आला, सातशे अठरा. बाबूंनी तो मला फोनवर सांगितला आणि नंतर तोच पाकिटावर लिहून टेबलावर आणून दिला. माझ्या बदलीची ऑर्डर त्याच सुमाराला आली होती, जबलपूरला. अर्जातली भाषा बघायला तुम्ही चला, असं बाबू म्हणाले, म्हणून मी त्यांच्याबरोबर बँकेत गेले. त्यानंतर आमची गाठ पडली नाही. दिवाळीला फोन होतो, वेळ लिहून झाल्यावर ते बोलतात.

बँकेत बाबू, मुक्ता आणि मी अधिकारी बाईंसमोर बसलो. मागच्या बाकावर पुरुषोत्तममामा येऊन बसलेले बाबूंनी पाहिले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. मांडीवर जाड फाइल, बुटांना मंडीची धूळ. काकूंनी पाठवलं होतं. न जाणो यांचं नाही जमलं तर, म्हणून.

बाईंनी संगणकात पाहिलं, दोन-तीन ठिकाणी खुणा केल्या. मुक्ताची नजर टेबलावर होती. बाबू अजिबात हलत नव्हते.

"हो जाएगा अंकल," त्या म्हणाल्या. "बस साइन कर दीजिए।"

मागून मामांनी मोठा श्वास सोडला. ते उठून आले, मुक्ताच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोकळेपणी हसत म्हणाले, "चला जिजाजी, सुटलो. माझी फाइल दुसऱ्यांदा वाया गेली."

बाबू वळले. "दुसऱ्यांदा?"

मामांनी जीभ चावली. मुक्ता झटकन म्हणाली, "मामा, नको."

"आता काय नको बेटा, काम तर झालं," मामा म्हणाले, आणि मग बाबूंना म्हणाले, "मागच्या जुलैमध्ये मी सगळे कागद घेऊन याच बँकेच्या दारात उभा होतो. ताईनं सांगितलं होतं मला. इनं फोन केला, मामा परत जा. मी म्हटलं, अगं पागल, साल जाएगा तेरा. तर म्हणते, जाऊ दे. माझ्या कागदावर बाबाच सही करतील. अन् मला शपथ घातली, बाबांना सांगायचं नाही."

बाबूंनी मुक्ताकडे पाहिलं. समोरच्या बाईंनी उगाच टेबलावरचे कागद सारखे केले.

"अन् वर्षभर बोलली काहून नाही माझ्याशी?" त्यांनी विचारलं.

"बोलले असते तर मामा आला होता ते सांगून टाकलं असतं," मुक्ता म्हणाली. "मग तुम्ही खाली मान घालून मामाकडे गेला असता. मला ते नको होतं."

बाबू उठले. स्वतःची खुर्ची मामांकडे सरकवली आणि म्हणाले, "बसा न पुरुषोत्तमराव." इतक्या वर्षांत मेहुण्याला त्यांनी कधी अहो-जाहो केलं नव्हतं. मामा गडबडून बसले. बाबू उभ्यानेच टेबलावर वाकले आणि दाखवलेल्या जागी सही केली.

बाईंनी ती त्यांच्या जुन्या सहीशी ताडून पाहिली आणि संकोचून म्हणाल्या, "अंकल, मिल नहीं रही है। एक बार फिर।" दुसरा कागद आला. तीही जुळेना. पेन कागदावर टेकलं की बाबूंच्या डोळ्यांतलं पाणी चष्म्याच्या काचेवर पडत होतं. तिसरी तर त्यांना स्वतःलाच वाचता येईना.

"सावकाश करा बाबा," मुक्ता म्हणाली. "मला घाई नाहीये."

त्यांनी चष्मा काढून पुसला, मान हलवली आणि पुन्हा पेन घेतलं. चौथी सही जुळली.